नववीच्या पोट्ट्यांवर भरवसा टाकून पाहा

शाळेत एखाद्या पोराला त्रास होऊन राहिला आहे हे सगळ्यात आधी कोणाला समजतं? मॅडमला नाही, आईबाबांना तर नाहीच नाही, आणि मुख्याध्यापकांपर्यंत गोष्ट जाईस्तोवर अर्ध वर्ष निघून गेलेलं असतं. वर्गातल्या पोट्ट्यांना मात्र पहिल्या आठवड्यातच सगळं माहीत असतं, कोण कोणाचा डबा पळवतो, बाथरूमच्या दारावर कोणाचं नाव लिहिलं आहे, कोणाचा डुलकी घेतानाचा फोटो काढून त्याचं स्टिकर झालं आणि ते कोणत्या ग्रुपवर फिरून राहिलं. तरी बुलिंग थांबवायचं म्हटलं की आपण मोठ्यांची समिती बनवतो, म्हणजे ज्यांना सगळ्यात शेवटी कळतं त्यांची. माझं म्हणणं असं आहे की नागपूरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने नववीतल्या काही मुलामुलींना नीट तयार करावं, पाचवीत आणि आठवीत नवीन येणाऱ्या पोरांसोबत त्यांना वर्षभर 'सोबती' म्हणून जोडून द्यावं, त्यांच्या पाठीशी शिकलेला आणि वेळ असलेला एक मोठा माणूस उभा करावा, आणि हे काम मॉनिटरगिरीपासून पूर्ण वेगळं ठेवावं. यातला मॉनिटरचा मुद्दा वाचायला किरकोळ वाटेल, पण सगळं बिघडतं ते तिथेच, म्हणून त्यावर पुढे जरा जास्त लिहिलं आहे.

मी एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला शिकवते. आपल्याकडे आठवीत शाळा बदलणं पोरांना किती जड जातं हे शाळेबाहेरच्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. मनपाच्या आणि जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात, मग ती पोरं आठवीला कुठल्यातरी हायस्कूलमध्ये येतात, कोणी हिंगण्याकडून, कोणी कामठी रोडने, कोणी शेजारच्याच वस्तीतून. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे जून संपत येतो, आणि पहिल्या दिवशी हे पोरगं ज्या वर्गात पाय ठेवतं तिथली बाकीची पोरं पाचवीपासून एकत्र आहेत, त्यांचे बेंच ठरलेले, डब्याचे ग्रुप ठरलेले, कोणाला काय म्हणून हाक मारायची तेही ठरलेलं. नवीन पोरगं 'मले', 'तुले' बोललं की मागच्या बेंचवरून हसू येतं, आणि हसणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी आजीआजोबा तसंच बोलतात. कोणाचे आईवडील छत्तीसगडहून कामाला आलेले, घरात हिंदी, तो मराठीचा धडा वाचताना अडखळला की त्या दिवसापासून त्याचं वाचनच बंद होतं. आणि मग आडनाव. आडनाव विचारणं आपल्याकडे इतकं सहज चालतं की त्यात काही वावगं आहे हे मुलांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते, कोणता फॉर्म कोणाचा हे सगळ्यांना समजतं, आणि मधल्या सुट्टीत त्यावरून बोलणं सुरू होतं. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातल्या एका वर्गात १३ वर्षांच्या पोराने वहीवर फक्त पहिलं नाव लिहावं, आडनावाची जागा कोरी ठेवावी, याचा मला फार राग येतो.

मागे आठवीत आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची आई शाळेत आली ती फक्त एवढं विचारायला, की मॅडम, शाळेत पोरांना पाणी प्यायला देत नाहीत का, कारण हा बाटली जशीच्या तशी भरलेली परत आणतो आणि घरी आला की उभ्याउभ्याच तांब्याभर पाणी पितो. पाऊस लांबलेला, जुलैची ती चिकट उमस, आणि पोरगं दिवसभर घोटभर पाणी घेत नव्हतं. कारण होतं बाथरूम. मधल्या सुट्टीत तिथे दहावीचे काही पोट्टे उभे असायचे, हा आत गेला की बाहेरून कडी लावायचे, वरून पाणी टाकायचे आणि घंटा झाल्यावर उघडायचे. ओल्या कपड्यात वर्गात यायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांचं हसणं. त्यावर त्याने स्वतःच उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही म्हणजे जायचं कामच पडणार नाही. आईला त्याने सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, पण वर्गातल्या निदान निम्म्या पोरांना माहीत होतं. मी विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाले वाटलं तुम्हाले माहीत आहे."

मुलांना खरंच असं वाटतं. मोठ्यांना दिसतं आणि तरी ते काही करत नाहीत, म्हणजे हे चालतं, असं ते धरून चालतात. आणि सांगायचं तरी कोणाला? सरांना सांगितलं तर वर्गात उभं करून विचारतील, मग चुगलखोर म्हणून आणखी मार. घरी सांगितलं तर बाबा शाळेत येऊन तमाशा करतील, नाहीतर मोबाईल काढून घेतील, कारण घरच्यांच्या मते सगळ्याचं मूळ मोबाईलच. मुलींचं तर वेगळंच, घरी कळलं तर शाळाच बंद होईल ही भीती. तक्रारपेटी भिंतीवर असते, ती ऑफिसच्या अगदी समोर, जाणारायेणारा प्रत्येक जण पाहतो कोणी चिठ्ठी टाकली ते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली त्यानंतर सरकारने सीसीटीव्ही, समित्या, कर्मचाऱ्यांची तपासणी या सगळ्यावर जोर दिला. त्याच्या आधी २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या शाळांमध्ये कागदावर आहेतच. सीबीएसईने तर २०१५ साली शाळांना परिपत्रक काढून बुलिंगविरोधी समिती करायला सांगितलं होतं. हे सगळं पाहिजे, मी याच्या विरोधात नाही, आणि लहान मुलांच्या लैंगिक सुरक्षेसाठी तर याला पर्यायच नाही. पण कॅमेऱ्याला शिवी ऐकू येत नाही, बाथरूमच्या आत कॅमेरा लावता येत नाही, आणि डबा खाताना सगळे उठून दुसऱ्या बेंचवर गेले आणि एक पोरगी एकटी उरली हे फुटेजमध्ये दिसलं तरी कोणाला त्यात गुन्हा दिसणार नाही. व्हॅनमध्ये तर कोणाचंच लक्ष नसतं, काका समोर गाडी चालवतात आणि मागे कोण कोणाच्या मांडीवर बसतो, कोणाची बॅग पायाखाली जाते, ते फक्त पोरांना ठाऊक.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास दर तीनातल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्याभरात एकदातरी बुलिंग सोसावं लागलं होतं. हा आकडा बघून आपण त्रास देणारा आणि सोसणारा एवढ्या दोघांचाच विचार करतो, बाजूला उभं राहून बघणाऱ्यांचा नाही. कॅनडातल्या टोरोंटोच्या प्राथमिक शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर कॅमेरे लावून आणि पोरांच्या अंगावर माइक लावून ही बघणारी पोरं काय करतात तेच पाहिलं, २००१ साली ते छापून आलं. बुलिंगच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्क्यांत. पण जेव्हा कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्यापेक्षा जास्त वेळा, ५७ टक्के, १० सेकंदांच्या आत प्रकार थांबला. १० सेकंद! आपल्या शाळेत तेवढ्या वेळात स्टाफरूममधून व्हरांड्यातसुद्धा येणं होत नाही. ती पोरं लहान होती, आपली आठवी-नववीची पोरं जास्त पक्की आहेत हे मला मान्य आहे, पण मूळ गोष्ट आपल्या मैदानावरही तीच दिसते, त्रास देणाऱ्याला प्रेक्षक लागतात. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी तर १९९६ मध्येच दाखवलं होतं की वर्गातल्या जवळपास प्रत्येक पोराची यात काही ना काही भूमिका असते, कोणी हात लावतो, कोणी हसून चढवतो, कोणी बाजूला होतो, कोणी वाचवतो. त्यांनी पुढे जो कार्यक्रम उभा केला, किव्हा, तो २००९ पासून फिनलंडभर गेला, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एखाद्या पोराला त्रास होतोय असं कळलं की शिक्षक त्याच्याच वर्गातल्या, पोरांत वजन असलेल्या दोन-चार चांगल्या मुलांना बोलावून सांगतात, याच्या सोबत राहा.

आता मॉनिटरकडे येते. आपल्याकडे मोठ्या मुलांना जबाबदारी द्यायची म्हटलं की एकच साचा डोळ्यांपुढे येतो. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा, सरांच्या मर्जीतला, बहुतेक पहिल्या पाचात येणारा. २०२० च्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमातही दोन शिक्षक ॲम्बॅसेडर आणि वर्गाचे मॉनिटर मेसेंजर अशीच रचना आहे. आरोग्याची माहिती पोचवायला ते ठीक आहे. पण या कामासाठी मॉनिटरला बिल्ला लावला की दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याच्यासमोर तोंड उघडत नाहीत. त्याच्या हातात यादी असते, आणि यादीवाल्याला कोणी मनातलं सांगत नाही. वर तो स्वतः मार खातो गेटच्या बाहेर, हेही मी पाहिलं आहे. मोठ्या पोराला अधिकार दिला की आणखी एक धोका असतोच, तो अधिकार तो वापरतो. 'मी सोबती आहे, माझी बॅग उचल' हे व्हायला महिना लागत नाही. म्हणून सोबत्याला नावं लिहायचा, शिक्षा करायचा, ओळीत उभं करायचा कसलाच अधिकार देऊ नये. बिल्ला तर मुळीच नको.

मग निवडायचं कोणाला? अमेरिकेतल्या न्यू जर्सीत २०१२-१३ साली ५६ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, संशोधक एलिझाबेथ पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी प्रत्येक मुलाला विचारलं की तू शाळेत कोणाकोणासोबत वेळ घालवतो, त्यावरून कोणाचा किती पोरांशी संबंध आहे ते काढलं, मग चिठ्ठी टाकून निम्म्या शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे छोटे गट तयार केले आणि त्या गटांना भांडणाविरुद्ध स्वतःच काय करायचं ते ठरवू दिलं. कोणी पोस्टर केले, कोणी कोणाला वाचवताना दिसलं तर त्याला केशरी रिस्टबँड दिला. वर्षभरात त्या शाळांमधल्या भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी दुसऱ्या शाळांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी राहिल्या. आणि ज्या गटात पोरांची नजर ज्यांच्यावर असते अशी मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त झाला. ही मुलं शिक्षकांनी निवडलेली नव्हती, पोरांनी घेतलेल्या नावांवरून निघालेली होती.

आपल्या शाळेत हे करायला कॉम्प्युटर लागत नाही. नववीच्या प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची, मधल्या सुट्टीत तू कोणासोबत असतो, आणि काही झालं तर वर्गातल्या कोणाला सांगशील, एवढेच दोन प्रश्न. चिठ्ठ्या गोळा केल्या की दिसतं, कबड्डीवाल्यांमध्ये एक नाव सारखं येतं, मागच्या बेंचवाल्यांमध्ये दुसरं, व्हॅनने येणाऱ्या मुलींमध्ये तिसरं, हिंदी बोलणाऱ्या घोळक्यात आणखी वेगळं. ड तुकडीतूनही नाव आलंच पाहिजे, नाहीतर सगळे सोबती सेमी-इंग्लिशच्या अ तुकडीचे होतात आणि ज्यांना गरज आहे ती पोरं त्यांच्याजवळ फिरकत नाहीत. काही नावं वाचून स्टाफरूममध्ये लोक म्हणतील, हा? हा तर स्वतःच टवाळ आहे. असू द्या. जो आज कोणालातरी त्रास देतोय त्याच्याकडे नवीन पोरगं सोपवायचं नाही हे तर उघड आहे, पण ज्याचं ऐकून निम्मा वर्ग हसतो तोच एखाद्या दिवशी हसला नाही तर काय होतं ते बघा. मुलगे यात पुढे येत नाहीत, मदत करणं बायकी वाटतं त्यांना, म्हणून मुलांच्या बाबतीत तर खेळातली, दमदार, चार पोरं ज्याच्या मागे फिरतात अशीच नावं आवर्जून घ्यावी.

सोबत्याने करायचं काय, हे जितकं छोटं ठेवाल तितकं चांगलं. पहिल्या आठवड्यात शाळा दाखवायची, पाण्याची टाकी कुठली चांगली, कोणते सर वही रोज बघतात, कोणत्या वेळी बाथरूममध्ये गर्दी नसते. आठवड्यातून एकदा तरी सोबत डबा खायचा. नाव विचारायचं, आडनाव नाही. आणि समोर काही घडत असेल तर त्रास देणाऱ्याशी हुज्जत घालत बसायचं नाही, सरळ ज्याला त्रास होतोय त्याच्याकडे जायचं आणि त्याला तिथून काढायचं, "चल बे, तुले सर बोलावून राहिले", बस. एवढं वाक्य कोणतंही नववीचं पोट्टं म्हणू शकतं, त्याला हिरोगिरी लागत नाही आणि भांडणही होत नाही. ग्रुपवर काही आलं तर पुढे पाठवायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचा, ज्याच्याबद्दल आहे त्याला वेगळा मेसेज करायचा की मी पाहिलं, मला आवडलं नाही, उद्या भेट. त्या पाणी न पिणाऱ्या मुलाचं पुढे असंच काहीसं झालं. त्याच्याच गल्लीत राहणारा नववीतला एक कबड्डीचा खेळाडू होता, त्याला मी फक्त एवढं म्हटलं की सुट्टीत याला सोबत घेऊन जात जा. दहावीच्या पोरांवर कारवाईसुद्धा झाली, पालकांना बोलावणं झालं, पण ते पोरगं पाणी प्यायला लागलं ते त्या कबड्डीवाल्यामुळे, कारण बाथरूमपर्यंतचा रस्ता त्याला एकट्याने चालावा लागत नव्हता.

आणि सोबत्याने काय करायचं नाही हे त्याहून महत्त्वाचं. चौकशी करायची नाही, निवाडा करायचा नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं नाही. हे समोरासमोर बसवणं आपल्या हाडीमासी भिनलं आहे. ऑफिसमध्ये दोघांनाही उभं करायचं, काय झालं विचारायचं, मग 'टाळी एका हाताने वाजत नाही' म्हणायचं, मग चल सॉरी म्हण, हात मिळवा, जा वर्गात. ज्या पोराला महिनोन् महिने कोंडलं त्याला कोंडणाऱ्याचा हात हातात घ्यायला लावायचा! भांडण दोन बरोबरीच्या पोरांत असतं तेव्हा समेट होतो. बुलिंगमध्ये एकाच्या पाठीशी चार जण असतात आणि दुसऱ्याच्या पाठीशी कोणीच नसतं, तिथे समेट म्हणजे दुबळ्याने परत एकदा मान खाली घालणं. ऑफिसमधून बाहेर पडताना तो त्रास देणारा हळूच काय म्हणतो ते आपल्याला ऐकू येत नाही, संध्याकाळी सायकल स्टँडवर टायरची हवा काढलेली असते. हेच काम आपण नववीच्या पोरांच्या हातात दिलं तर ते आपली नक्कल करतील आणि आपल्यापेक्षा वाईट करतील. किव्हामध्येसुद्धा त्रास देणाऱ्यांशी बोलायचं काम शिक्षकांचं पथक करतं, वेगवेगळं बसवून करतं. पोरांना फक्त सोबतीचं काम दिलेलं आहे.

केंब्रिजच्या मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये बुलिंगविरोधी कार्यक्रमांच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीने या कार्यक्रमांमुळे बुलिंग २० ते २३ टक्के कमी होतं असं निघालं, पण त्याच आढाव्यात हेही निघालं की जिथे पोरांकडून पोरांवर काम करवून घेतलं होतं तिथे त्रास होणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं होतं. जे लोक पीअर मेंटरिंगच्या, म्हणजे पोरांनीच पोरांना सांभाळायच्या, नावाने कार्यशाळा घेतात आणि फोटो काढतात त्यांनी हे वाक्य आधी वाचायला पाहिजे. पुढे २०२१ मध्ये याच मंडळींच्या नव्या विश्लेषणात वर्गातल्या चर्चा, एकत्र ॲक्टिव्हिटी असा पोरांचा अनौपचारिक सहभाग असलेले कार्यक्रम जास्त परिणामकारक दिसले. मी याचा अर्थ असा लावते की पोरांना पद दिलं, न्यायाधीश केलं, की बिघडतं, आणि त्यांच्या रोजच्या वागण्यातून, डब्याच्या वेळेतून, हसण्या-न हसण्यातून काम झालं की जमतं. नुसतं 'चला, आमच्या शाळेतही मेंटर आहेत' असं बोर्डावर लिहायला हे करायचं असेल तर न केलेलं बरं.

आता पाठीमागचा मोठा माणूस. इथे सगळे शिक्षकांकडे बघतात आणि मी स्वतः शिक्षक असून सांगते, आमच्याकडून हे एकट्याने होणार नाही. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये सेहेर नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत कार्यक्रम चालवायला बाहेरून साधी, प्रशिक्षण दिलेली माणसं ठेवली, मानसोपचाराची डिग्री नसलेली, त्यांना सेहेर मित्र म्हणायचे. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला. मुलांचे गट, तक्रारपेटी, भित्तिपत्रक, समुपदेशन असं सगळं त्यात होतं. मित्रवाल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, बुलिंग कमी झालं, मुलांचं नैराश्यही कमी झालं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काही फरक पडला नाही. यात शिक्षक वाईट असा अर्थ नाही. ज्याच्या हातात मार्क आहेत, डोक्यावर पोर्टल भरायचं आहे, जो निवडणुकीच्या ड्युटीला जातो आणि खिचडीचा हिशोबही ठेवतो, त्याच्याजवळ बसून पोरगं रडेल कधी?

नागपुरात असा माणूस शोधायला लांब जायची गरज नाही. तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे, मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं, ते अभ्यासक्रमातच आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेला आठवड्यातून दोन दिवस असे दोन विद्यार्थी आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक प्राध्यापक, एवढं शिक्षण विभागाने आणि कॉलेजांनी बसून ठरवलं तर पहिल्या वर्षी ५० शाळा सहज होतील असं मला वाटतं. आणि पोरं पोरांना घडवू शकतात याचा दाखला तर या शहरातच आहे. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी स्लम सॉकर हा फुटबॉलचा उपक्रम सुरू केला, तिथे खेळलेल्या पोरांमधलेच काही पुढे कोच झाले. लहान पोरं त्यांचं ऐकतात कारण काल-परवापर्यंत तेही त्याच मैदानात धूळ खात होते. सरकारलाही ही कल्पना परकी नाही, २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावी मुलामुलींमधूनच 'साथिया' नेमायची योजना आहेच, ती शाळेच्या दारातून आत तेवढी नीट आलेली नाही.

पालक म्हणतील, आमच्या पोराला या भानगडीत कशाला ओढता, अभ्यास राहू द्या. म्हणूनच नववी. दहावीला बोर्ड आहे, त्यांना हात लावायचा नाही. आठवडी एक तास, कार्यानुभवाचा तास घ्या, त्याने कोणाचे टक्के जात नाहीत. पालकांची दुसरी भीती मात्र एकदम खरी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. १४ वर्षांच्या मुलीला समोरची पोरगी म्हणाली की मला जगायचं नाही, आणि वर म्हणाली कोणाला सांगू नको तुला माझी शपथ, तर ती मुलगी रात्रभर ते घेऊन जागेल. सोबत्यावर हे ओझं येऊच द्यायचं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, नवीन पोरांच्या देखत, सगळ्यांना सांगून टाकायचं की काही गोष्टी सोबती लपवणार नाही, त्याच दिवशी मोठ्यांना सांगणार: कोणी स्वतःला इजा करायचं बोललं, कोणी नको तिथे हात लावला किंवा तसे फोटो मागितले, घरी मारहाण होत असेल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात अशा अत्याचाराची माहिती कळवायची जबाबदारी असते, न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना लागू होत नाही, मोठ्यांना होते, तेव्हा ती माहिती मोठ्यांच्याच टेबलावर गेली पाहिजे. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन नंबर प्रत्येक सोबत्याच्या वहीच्या मागच्या पानावर असावेत. आणि दर आठवड्याला त्या मोठ्या माणसासोबत सोबत्यांची बैठक, त्यात आधी त्यांना विचारायचं की तू कसा आहे. ही बैठक एकदा रद्द झाली, दुसऱ्यांदा रद्द झाली, तर त्या महिन्यात पूर्ण काम थांबवावं, पोरांना एकटं सोडून ते चालू ठेवू नये.

मुख्याध्यापकांची अडचण वेगळी आहे. हे सुरू केलं की पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतात, कारण जे झाकलेलं होतं ते बाहेर येतं. संस्थेचे लोक विचारतात, आतापर्यंत तर आपल्या शाळेत असं काही नव्हतं. ॲडमिशनचं टेन्शन असतं, दोन-चार पालकांनी दाखला काढला तर तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त होतात, ही भीती अनुदानित शाळेत फार मोठी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. म्हणून शाळेचं यश किती तक्रारी आल्या यावरून मोजू नका. दिवाळीनंतर एकदा आणि परीक्षेच्या आधी एकदा, नाव न लिहिता, पाचवी ते नववीच्या प्रत्येक मुलाला एका कागदावर विचारा, मागच्या महिन्यात तुला कोणी वारंवार त्रास दिला का, कुठे दिला, तेव्हा कोणी तुझ्या बाजूने आलं का, तू कोणाला सांगितलं. कागद शिक्षकांनी गोळा करू नयेत, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी करावेत, आणि मोजणीही त्यांनीच करावी. 'कुठे' या प्रश्नाला जर पन्नास पोरांनी जिन्याखालची जागा लिहिली तर दुसऱ्या दिवसापासून तिथे मधल्या सुट्टीत एक शिक्षक उभा राहिला पाहिजे, त्यासाठी कोणत्या जीआरची वाट पाहायची नाही. आणि सगळे आकडे पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा, पालकांनीही मागावे. पहिल्या वर्षी ते वाईट येतील, तेही वाचा.